वाळल्या गवताच्या रंगाची होडी

सकाळी 6

होडी रंगवायची तर आधी तिच्यात पाणी भरायचं. ट्रेलरवर उभी असलेली चौदा फुटी अ‍ॅल्युमिनियमची होडी, मागचं बूच घट्ट बसवलेलं आणि बागेचा पाइप आत सोडलेला. पाणी चार इंचांच्या वर जाऊ द्यायचं नाही. तेवढ्यातच वजन चारशे किलोंच्या घरात जातं, आणि असल्या होडीचा पत्रा बाहेरून येणारा दाब सोसायला घडवलेला असतो, आतून पडणारा भार नाही. पाइप बंद केला की बॅटरी घेऊन ट्रेलरखाली सरकायचं आणि थेंब कुठे धरतो ते बघत राहायचं.

ऑगस्टचा मध्य आहे. मिनेसोटा राज्यातली ही ओटर टेल काउंटी. एका काउंटीत हजारावर सरोवरं, सगळी हिमयुगाच्या बर्फाने मागे ठेवलेली. सप्टेंबर संपता संपता बदकांच्या शिकारीचा हंगाम उघडतो. त्याआधी होडीचा रंग नुसता वाळून चालत नाही, कडक व्हावा लागतो. होडी शेजाऱ्यांची आहे. त्यांनी सत्तरी ओलांडली आहे, गुडघे वाकत नाहीत, म्हणून खाली सरपटायचं काम माझ्याकडे. आणि यंदा आमच्या अंगणात एक जाणता माणूस आहे. अण्णा, माझे वडील, उन्हाळ्यापुरते आले आहेत. 1964 साली मिग विमानांसाठी नाशिकजवळ ओझरला एचएएलचा कारखाना उभा राहिला. तिथे अण्णांची सगळी नोकरी पत्रा आणि रिबिटं यांच्यात गेली.

पहिला थेंब दिसला तशी मी खिशातली पेन्सिल काढली. अण्णांनी वरूनच हटकलं. ‘‘पेन्सिल नको. तो खडू घे, मेणाचा.’’ पेन्सिलीतलं ग्रॅफाइट अ‍ॅल्युमिनियमवर राहिलं आणि त्याला ओल लागली की पत्रा तिथून खायला लागतो. विमानाच्या कामात पेन्सिलीने खूण करायला पक्की मनाई असते, ती याच कारणाने. होडी तर जन्मभर पाण्यातच असणार. लाल मेणखडूने गोल करत गेलो. मधल्या बाकाखाली गळकी रिबिटं सात-आठ निघाली, नाळेजवळच्या शिवणीला दोन. मग बूच काढलं आणि पाणी गवतात सोडून दिलं.

सकाळी 7.30

अशा होड्यांचं विमानांशी नातं आहे, आणि ते नुसतं पत्र्यापुरतं नाही. दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा अमेरिकेत अ‍ॅल्युमिनियमही भरपूर होतं आणि ते ठोकायला शिकलेले हातही. लढाऊ विमानं बनवणाऱ्या ग्रुमन कंपनीने 1945 च्या सुमारास अ‍ॅल्युमिनियमच्या कनू काढायला सुरुवात केली. मिनियापोलिसमधल्या लोखंडी नक्षीकामाच्या एका जुन्या कारखान्याने 1946 मध्ये अ‍ॅल्युमाक्राफ्ट होड्या आणल्या. लुंड कंपनी 1948 मध्ये निघाली ती याच काउंटीतल्या न्यूयॉर्क मिल्स नावाच्या लहान गावात. तोवर शिकाऱ्याची होडी लाकडाची असे, दर वर्षी फटी बुजवून घ्यावी लागे. अ‍ॅल्युमिनियमची होडी दोघांना उचलता येते, कुजत नाही, आणि गोड्या पाण्यात तिला गंजायचंही कारण नसतं. पन्नास-साठ वर्षांच्या होड्या इथे अजून रोज पाण्यावर जातात. शेजाऱ्यांच्या होडीवरची कंपनीची पट्टी केव्हाच पुसून गेली आहे, पण रिबिटांच्या ओळी बघून अण्णा म्हणाले, ‘‘हाताने केलेलं काम आहे. अंतर बघ, कुठे चुकलेलं नाही.’’

गळणारं प्रत्येक रिबिट बदलावं लागत नाही. बहुतेक नुसती सैल झालेली असतात. वर्षानुवर्षं लाटांचे धक्के, ट्रेलरवरचे खड्डे आणि त्याच एका जागी टेकणारी माणसाची टाच यांनी ती जरा ढिली पडतात. ती पुन्हा आवळता येतात, पण त्याला दोन माणसं लागतात. मी ट्रेलरखाली पाठीवर झोपून रिबिटाच्या गोल डोक्यावर डॉली दाबून धरली. डॉली म्हणजे वितीएवढा जड पोलादी ठोकळा, एका टोकाला डोक्याच्या मापाची खळगी असलेला. आत होडीत अण्णा गुडघ्यावर बसून रिबिटाच्या शेपटीवर हातोडी मारत होते. ठोके हलके, सरळ आणि मोजके. जोरात मारलं तर रिबिट आवळत नाही, आजूबाजूचा पत्रा ताणतो, आणि मग आधी न गळणारं शेजारचं रिबिट गळायला लागतं.

अण्णांचं लक्ष हातोडीपेक्षा आवाजाकडे जास्त. सैल रिबिट ठोक्याला बद्द वाजतं. आवळत आलं की आवाज कोरडा होतो, आणि डॉलीवरच्या माझ्या तळहाताला धक्का अख्खा पोचतो. मला खाली काही दिसत नव्हतं, पण कुठलं बसलं ते वरून ‘‘झालं’’ यायच्या आधी हाताला कळायला लागलं. बाहेरच्या डोक्याभोवती जुन्या रंगाची बारीक फट असते, ती रिबिट बसताना मिटते आणि तिथून रंगाची पूड नाकावर पडते. म्हणून खाली चष्मा आणि मास्क लावूनच झोपायचं.

तीन रिबिटांची भोकंच मोठी झाली होती. ती ड्रिलने उडवली. ड्रिल डोक्याच्या बरोबर मध्यावर धरायचा, डोकं सुटेपर्यंतच चालवायचा, आणि दांडा सुंब्याने ढकलून काढायचा. दीड सुताच्या जागी दोन सुताची रिबिटं घेतली. ‘‘शेपूट किती ठेवायची?’’ अण्णांनी मला विचारलं, मी लहान असताना विचारायचे तसंच. रिबिटाच्या जाडीच्या दीडपट. ठोकून झाल्यावर तयार होणारं डोकं जाडीच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच. विमानाला हाच नियम, होडीलाही हाच. डोक्याखाली सीलंटचं बोट फिरवून रिबिटं बसवली. बाजारात एका बाजूने दाबून बसवायची पोकळ रिबिटं मिळतात आणि घाईत पुष्कळ लोक तीच मारतात. त्यांच्या मधल्या भोकातून पाणी येतं. एकट्यानेच काम करायचं असेल तर निदान बंद तोंडाची घ्यावीत, पण दोन माणसं हजर असताना ठोकायचं रिबिट सोडून दुसरं काही वापरू नये, असं माझं ठाम मत आहे.

सकाळी 10

मागच्या उभ्या फळीची गोष्ट इथेच सांगतो. मोटर अडकवतात ती फळी आतून प्लायवूडची असते. आधीच्या कुणा मालकाने तिथे कीड-बुरशी लागू नये म्हणून औषध मारलेलं लाकूड बसवलं होतं. 2004 पासून घरगुती वापराच्या अशा लाकडातून आर्सेनिक गेलं आणि तांब्याचं प्रमाण वाढलं. ओल्या तांब्याशी गाठ पडली की अ‍ॅल्युमिनियम झिजतं. फळी काढली तेव्हा पत्र्यावर पांढरी पूड होती आणि पुडीखाली नखाच्या टोकाएवढे खळगे. लाकूड टिकावं म्हणून केलेल्या उपायाने होडीच खाल्ली होती. आता तिथे साधं बाहेरच्या वापराचं प्लायवूड आहे, सगळीकडून इपॉक्सी पाजलेलं, आणि स्टेनलेसचे बोल्ट. समुद्रातल्या बोटींच्या बुडाला शेवाळ धरू नये म्हणून लावतात तो तांबेयुक्त रंगही याच कारणाने या होडीला वर्ज्य.

पुढचे तीन तास घासणं. आधी जुन्या रंगात शिसं आहे का ते तपासायचं. घरगुती रंगात शिसं घालायला अमेरिकेत 1978 मध्ये बंदी आली, आणि ही होडी त्याआधीची असणार. तपासणीची कांडी वरच्या हिरव्या थरावर तशीच राहिली, पण नाळेवर खरवडून खालचा राखाडी थर उघडा केला तिथे लालसर झाली. त्यामुळे कोरडं घासायचं नाही. पॉलिश पेपर पाण्यात बुडवून ओलं घासायचं, खाली प्लास्टिक अंथरायचं, चिखल गोळा करून वेगळ्या डब्यात भरायचा. शेजाऱ्यांच्या नातवंडांना आज इकडे फिरकायचं नाही असं आधीच बजावलं होतं.

रंग लवकर सुटावा म्हणून कॉस्टिक असलेलं काही लावायचा मोह होतो. ओव्हन साफ करायच्या फवाऱ्यातही ते असतं. ते रंगाबरोबर अ‍ॅल्युमिनियमही खातं. लोखंडी तारेचा ब्रशही नको. त्याचे बारीक कण मऊ पत्र्यात रुततात आणि पुढे नव्या रंगाखालून तांबूस ठिपके वर येतात. नायलॉनची घासणी, 80 नंबरचा पेपर, मग 180 चा. घट्ट धरून बसलेला जुना रंग मुळापासून काढायची गरज नसते, त्याची चकाकी उतरवून कडा सपाट केल्या की पुरे. जिथे तो पापुद्र्याने सुटतो तिथे मात्र पत्रा लागेपर्यंत घासायचं. पाण्याच्या रेषेखालचा भाग आम्ही रंगवणारच नाही. तो दर खेपेला खडीवर घासला जातो, पक्ष्याला दिसत नाही, आणि गोड्या पाण्यात उघड्या अ‍ॅल्युमिनियमला काही होत नाही.

हे तास कुणी सांगत नाही. रंगाच्या डब्यावर गवतात दडलेल्या सुबक होडीचं चित्र असतं, आणि माणूस डबा घेऊन थेट ब्रश उचलतो. पहिल्या थंडीत तो रंग पातळ सालीसारखा निघून येतो आणि ‘अ‍ॅल्युमिनियमवर रंग टिकत नाही’ असं लोक म्हणत राहतात. रंग टिकतो. तो घासणीवर टिकतो, आणि ज्याला तीन तास घासायचा कंटाळा आहे त्याने होडी आहे तशी वापरावी.

दुपारी 1

शेजाऱ्यांकडची मक्याची कणसं, आमच्या पोळ्या आणि ठेचा. अण्णांच्या मनात सकाळपासून एक प्रश्न होता, तो त्यांनी माझ्याकरवी विचारला. मारायचीच आहेत तर इथले लोक बदकांना इतकं जपतात कशासाठी?

शेजारी आत जाऊन परवाना घेऊन आले. त्याला बदकाच्या चित्राचं एक तिकीट चिकटवलेलं, तिकिटावर शाईने आडवी सही. सोळा वर्षं पूर्ण झालेल्या, पाणपक्ष्यांच्या प्रत्येक शिकाऱ्याला हे तिकीट दर वर्षी घ्यावं लागतं. 1934 मध्ये ते एका डॉलरला निघालं, आज 25 डॉलरला आहे. पहिल्या तिकिटाचं चित्र जे. एन. डार्लिंग या व्यंगचित्रकाराने काढलं होतं; त्याच्याकडे तेव्हा वन्यजीवांच्या सरकारी खात्याचा कारभारही होता. प्रत्येक डॉलरमधले 98 सेंट पाणथळ जागा विकत घेण्यावर आणि राखण्यावर जातात. आजवर 60 लाख एकरांहून जास्त जागा अशी वाचली आहे. या राज्यातल्या पाणथळ जमिनीपैकी निम्म्याच्या आसपास शेतीसाठी चर खणून कोरडी केली गेली, त्यामुळे उरलेल्या प्रत्येक डबक्याला मोल आहे. 1991 पासून पाणपक्ष्यांवर शिशाचे छर्रे वापरायला देशभर बंदी आहे, कारण तळाशी पडलेले छर्रे पक्षी खड्यांबरोबर गिळत आणि विष भिनून मरत. सकाळी रंगात सापडलेलं शिसं अण्णांनी पाहिलं होतं, त्यांनी मान हलवली.

अण्णांनी बदकं पाहिली ती नांदूरमध्यमेश्वरला. गोदावरी-कादवेच्या संगमावरचा तो बंधारा निफाड तालुक्यात आहे, ओझरहून फार लांब नाही. 2020 मध्ये तो महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जगभर मान्यता असलेली पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाला. हिवाळ्यात तिथे थापट्या आणि तलवार बदक उतरतात, उत्तर आणि मध्य आशियातून आलेले. त्याच जातीचे थापट्या आणि तलवार बदक या आमच्या काउंटीवरूनही दक्षिणेकडे जातात. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना हात लावता येत नाही. इथे हंगाम, वेळ आणि संख्या ठरवून मारता येतात. मी शिकार करत नाही आणि करणारही नाही. पण जो माणूस दलदल वापरतो तोच तिच्या जमिनीचे पैसे भरतो, हा व्यवहार मला सरळ वाटतो. अण्णांना तो पटला असं नाही. ‘‘आपलं बरं आहे,’’ एवढंच म्हणाले, आणि दुसरं कणीस घेतलं.

दुपारी 2

पत्रा स्वच्छ झाला का, हे डोळ्याला कळत नाही, पाण्याला कळतं. सॉल्व्हंटने पुसल्यावर स्वच्छ पाण्याचा हबका मारायचा. पाणी अखंड पडद्यासारखं पसरलं तर पत्रा तयार. अळवावरच्या पाण्यासारखे थेंब धरले तर तिथे अजून तेलकटपणा आहे. उजव्या बाजूला, मोटरच्या टाकीजवळ, थेंब धरले. तो हातभर भाग पुन्हा पुसला, पुन्हा घासला. त्यानंतर उघड्या हाताने पत्र्याला शिवायचं नाही, बोटाचं तेलही पुरतं.

इथून मात्र घाई. उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर हवेने लगेच ऑक्साइडचा थर धरतो. तोच थर त्याला गंजू देत नाही आणि तोच रंगाला धरू देत नाही. म्हणून एच प्रायमर, ज्यातलं फॉस्फरिक आम्ल पत्र्याला किंचित खाऊन स्वतःला पकड करून घेतं. अण्णांच्या कारखान्यात पोपटी झिंक क्रोमेट असे, आणि विमानाची आतली पोपटी बाजू त्यांच्या अजून डोळ्यांपुढे आहे. त्यातल्या क्रोमियमने कर्करोग होतो, तेव्हा अंगणात त्याचं काम नाही. आम्ही गॅसची फिल्टरं असलेले मास्क लावले आणि पातळ हात मारले. एच प्रायमर जाड दिला की वरचा रंग धरत नाही. खालचा पत्रा किंचित जाणवत राहावा इतपतच तो हवा.

नोंदणीचे आकडे आधीच टेपने झाकून घेतले होते. मिनेसोटात एक गंमतशीर सूट आहे: बदकांच्या हंगामात, निव्वळ बदकांसाठी वापरायच्या होडीला नोंदणी लागत नाही, आणि रानतांदूळ काढायच्या होडीला कापणीच्या दिवसांत लागत नाही. पण शेजारी याच होडीतून उन्हाळ्यात मासे धरतात. तेव्हा नाळेच्या दोन्ही बाजूंना आकडे हवेतच, निदान तीन इंच उंच आणि मागच्या रंगावर उठून दिसणारे. सगळी होडी लपवायची आणि आकडे दाखवायचे, हे दोन्ही एकाच नाळेवर.

दुपारी 4

रंग कुठला, हे बघायला आता तळ्याकडे जाऊन उपयोग नाही. ऑगस्टमध्ये दलदल हिरवीगार असते. शिकार चालते ऑक्टोबरात, तेव्हा पाणकणसाची पानं वाळून फिक्या पेंढ्यासारखी होतात, मुळाशी तपकिरी, आणि मधे चिखलाचा काळसरपणा. शेजाऱ्यांनी मागच्या शरद ऋतूतली पानांची पेंढी गॅरेजात जपून ठेवली होती. ती होडीवर आडवी टाकून रंगाच्या झाकणाशी ताडून पाहिली. दुकानातला ‘वाळलं गवत’ नावाचा रंग जरा पिवळा पडत होता, त्यात थोडा तपकिरी मिसळला.

रंगछटेपेक्षा चकाकी नसणं महत्त्वाचं. पक्ष्यांच्या डोळ्यांना आपल्याहून जास्त दिसतं, अतिनील प्रकाशही. सूर्य क्षितिजावर असताना ओला चमकणारा पत्रा मैलावरून आरसा होतो. म्हणून रंग पूर्ण मॅट. आणि नवख्या माणसाच्या लक्षात न येणारी गोष्ट: बदक वरून येतं. त्याला होडीची बाजू नंतर दिसते, आधी दिसतात बाकांचे माथे, काठ आणि आतला भाग. म्हणून अण्णांनी बाहेरची बाजू घेतली आणि मी बाकांपासून सुरुवात केली. तळाची आतली बाजू आज सोडून दिली, कारण शिवणींवर इपॉक्सी ओतायचं आहे.

संध्याकाळी 5.45

सगळ्यात सुंदर काम हे. वाळलेलं पाणकणसाचं लांब पान पत्र्यावर उभं धरायचं आणि त्यावरून गडद तपकिरीचा हलका फवारा. पान उचललं की त्याची फिकी आकृती मागे राहते. शेजारी खुर्चीवर बसून पानं निवडून देत होते, चुरगळलेली, मधेच मोडलेली, कारण दलदलीत सरळ पान क्वचितच असतं. काठाची सरळ रेघ डोळ्याला सगळ्यात आधी टोचते, म्हणून पानं काठावरून वर आणि आत उतरवली. दाट नको. दाट केलं की लांबून सगळं मिळून एक काळा ठोकळा दिसतो.

अण्णा फवारा मारायला तयार नव्हते. ‘‘माझं काम सरळ रेषेचं,’’ म्हणाले. मग त्यांनी पानं धरली आणि मी फवारलं. थोड्या वेळाने तेच सांगू लागले, हे पान तिरकं कर, इथे दोन एकावर एक घे.

संध्याकाळी 7

हवेत दमटपणा वाढला तसा फवारा थांबवला. दव पडायच्या आधी मॅट रंगाला निदान तासभर हवा लागते, नाहीतर पांढुरके डाग उठतात. टेप रंग ओलसर असतानाच ओढली, कडा स्वच्छ निघाल्या. नवं बूच आणलं होतं, ते होडीला लावलं नाही, शेजाऱ्यांच्या गाडीच्या किल्लीला बांधलं. रस्त्यावरून होडी नेताना बूच काढलेलं असावं असा या राज्याचा कायदा आहे, म्हणजे एका तळ्यातलं पाणी आणि त्यातली झेब्रा शिंपल्याची पिल्लं दुसऱ्या तळ्यात जाणार नाहीत.

पुढच्या शनिवारी आतल्या शिवणींना इपॉक्सी, मग तळ, मग पुन्हा चार इंच पाणी. अण्णांना एका रिबिटाची शंका आहे, बाकाखालचं, डावीकडून दुसरं. त्यावर त्यांनी मेणखडूचा लाल गोल तसाच ठेवायला लावला आहे. शेजाऱ्यांना ट्रेलरचा पट्टा आवळायचा होता. आठवडाभर रंगाला काही टेकवायचं नाही, हे त्यांना अण्णांनीच हातवारे करून सांगितलं.